अकॅडमी वाढवावी कशी? कोरेगाव आणि परिसरासाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. नवशिके म्हणजे मुलं नव्हेत. मुलांना क्रिकेट येतं. क्रिकेट अकॅडमी काढायची ज्यांच्या मनात आहे, किंवा काढून झाली आहे पण गाडी बारा पोरांवरच अडकली आहे, अशा मोठ्या माणसांनी ती वाचावी आणि कपाटात कुलूप लावून ठेवावी. पालकांच्या हाती लागू देऊ नये.

पात्रता : तुम्ही एके काळी कॉलेजच्या टीममधून खेळलेले असावेत. जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेला होतात एवढं पुरे. निवड झाली होती का, हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर ‘त्या वेळी राजकारण फार होतं’ असं म्हणून लांब बघावं. समोरचाही मान हलवतो, कारण त्याचीही निवड त्याच कारणानं हुकलेली असते.

पायरी १ : जागा

कोरेगावात सपाट जागा मिळणं अवघड नाही, मोकळी मिळणं अवघड आहे. तिळगंगा आणि वसना या नद्यांकाठची काळी रानं ऊस, आलं आणि घेवड्यानं धरलेली आहेत. इथल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे, कव्हर ड्राइव्हला अजून नाही. त्यामुळे शेतकरी पट्टा भाड्यानं देताना आधी पिकाचा हिशेब मांडतो, आणि योग्यच करतो.

उरतं ते शाळेचं किंवा कॉलेजचं मैदान. ते तुमच्या आधी इतरांचं असतं. पहाटे सैन्यभरती आणि पोलीसभरतीची पोरं तिथं सोळाशे मीटरच्या फेऱ्या मारतात. सातारा जिल्ह्यात त्यांना उठवायची कोणाची छाती नाही. त्यांच्यामागून डॉक्टरनं चालायला सांगितलेली मंडळी येतात. दुपारी कोणीतरी बायकोला स्कूटी शिकवतो. लग्नसराईत गाड्या लागतात, निवडणुकीत मंडप पडतो. तुम्ही साडेचार ते साडेसहा एवढीच वेळ मागा. संस्थेचे पदाधिकारी नाही म्हणाले तर त्यांना अकॅडमीचं मानद अध्यक्ष करा. त्यांच्या नातवाला फी माफ.

पायरी २ : खेळपट्टी

आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. हीच चिकट माती नीट राखली तर टर्फ विकेटला कामाला येते. पण तिला रोज पाणी, रोलर, योग्य उंचीचं गवत आणि या सगळ्याकडे लक्ष देणारा एक माळी लागतो. माळ्याचा पगार फ्लेक्सवर दिसत नाही. म्हणून सिमेंट.

सिमेंटची विकेट ओतताना गवंड्याजवळ टेप घेऊन उभे राहा. दोन्ही स्टंपांमधलं अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर असतं. त्याच्या पुढंमागंही थोडी जागा लागते, नाहीतर बॉलरचा पाय सिमेंटच्या कडेवर मुरगळतो. गवंडी ‘वीस मीटर पुरे की’ म्हणेल. त्याला पटवायला वेळ घालवू नका. पुढं पालकांना पटवायचं आहे, दम राखून ठेवा.

सिमेंटवर काथ्याची मॅट ताणून खिळ्यांनी ठोकावी. मॅट न घालता लेदर बॉल टाकला तर त्याची शिलाई एका संध्याकाळीच उसवते. मॅट महाग वाटली तर कडक सिंथेटिक बॉल आणा आणि त्याला ‘आधुनिक पद्धत’ म्हणा.

एक गोष्ट स्वतःपुरती माहीत असू द्या. सिमेंटवर चेंडू सारख्या उंचीवर आणि झटकन बॅटवर येतो. पोरं जागेवर उभी राहून आडव्या बॅटनं झोडपतात आणि व्हिडिओ फार छान येतात. टर्फवर तोच चेंडू कधी खाली राहतो, कधी शिलाईवर पडून बाहेर जातो, कधी वळतो. तिथं पुढचा पाय चेंडूपर्यंत न्यावा लागतो, आणि तो पाय सिमेंटवर कधी निघालेलाच नसतो. हे पोराला पुण्यात निवडीला गेल्यावर कळतं. तोवर तीन वर्षांची फी जमा झालेली असते.

पायरी ३ : नाव आणि फ्लेक्स

नावात ‘स्पोर्ट्स’, ‘एलिट’, ‘फाउंडेशन’ आणि ‘इंटरनॅशनल’ यांपैकी किमान दोन शब्द घ्या. फ्लेक्स एस.टी. स्टँडच्या आसपास किंवा सातारा–पंढरपूर रस्त्यावर लावा. वरच्या ओळीत नेते, पक्षनिहाय समतोल राखून. मध्ये तुम्ही, हाताची घडी घालून, काळ्या गॉगलसह. खाली खेळाडू.

खेळाडू निवडताना स्थानिक अभिमानाला विसरू नका. सांगली आपल्याच पुणे–मिरज लोहमार्गावर आहे आणि तिनं बरंच दिलं आहे. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले, शाळामास्तरांच्या घरात, आठ भावंडांत. ॲडलेड कसोटीत ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतक आणि १९५२ साली मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय, तोही त्यांच्या कप्तानीत. पण हजारेंचा फोटो कृष्णधवल आहे. फ्लेक्सवाला तो रंगवून देतो आणि मग कोणी ओळखत नाही.

स्मृती मानधना मात्र घ्यायलाच हवी. ती सांगलीत वाढली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात, २०१३ साली बडोद्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत जिंकलेल्या विश्वचषकाच्या संघाची उपकर्णधार. हे सगळं छापा. एक वाक्य मात्र छापू नका : भाऊ श्रवणच्या मागं लागून ती मैदानावर आली आणि मोठी झाल्यावरही तो तिला नेटमध्ये चेंडू टाकत राहिला. हे वाचलं की एखादी आई विचारते, ‘आमच्या पोरीला कोण टाकणार?’ त्यापाठोपाठ ती ‘मुलींसाठी बाथरूम कुठाय?’ असंही विचारते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर फ्लेक्सच्या मागं, झुडपापलीकडं, असं असेल तर फोटो जरा लहान ठेवा.

पायरी ४ : फी

कोरेगावात फी कॅलेंडरवर चालत नाही, पिकावर चालते. घेवडा दसऱ्या-दिवाळीच्या सुमाराला बाजारात येतो. तेव्हा पॅड आणि ग्लोव्हज खपवा. उसाची एफआरपी कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते. ‘सर, बिल जमा झालं की देतो’ हे वाक्य तुम्हाला किती आठवडे ऐकायला मिळतं, त्यावरून कायदा किती पाळला जातो ते आपोआप कळतं. आल्याला भाव असलेल्या वर्षी पोराच्या हातात इंग्लिश विलो येते. भाव पडला की काश्मीर विलो, आणि आलं-घेवडा दोन्ही पडले की ‘त्याची दहावी आहे, पुढल्या वर्षी बघू.’

खात्रीचा पैसा फक्त दुधाचा. ते बिल दर दहा दिवसांनी मिळतं. फीचे हप्ते त्याच्याशी जुळवून घ्या. वसुलीसाठी डेअरीच्या दारात मात्र उभे राहू नका, गाव लहान आहे.

किट सक्तीचं करा : जर्सी दोन, टोपी एक, ट्रॅकसूट एक, चाकांची बॅग एक. बॅग पोरापेक्षा उंच असावी. ती घेऊन पोरगं रहिमतपूरच्या एस.टी.त चढताना कंडक्टर जे बोलतो, ती तुमची फुकटची जाहिरात.

पायरी ५ : दोन तासांचा हिशेब

आता मुख्य भाग. हा कोणी शिकवत नाही, म्हणून इथं आकड्यांत देत आहोत.

तुमच्याकडं दोन तास आहेत. पळणं आणि व्यायाम वीस मिनिटं, तुमचं भाषण दहा मिनिटं. उरली ९० मिनिटं. पोरं ओळीनं बॉलिंग करत असतील तर एका नेटमध्ये मिनिटाला साधारण तीन चेंडू पडतात. म्हणजे एका संध्याकाळी २७० चेंडू. हा आकडा अकॅडमीची खरी मालमत्ता आहे, आणि फ्लेक्स कितीही मोठा केला तरी तो वाढत नाही.

पोरं बारा असतील तर प्रत्येकाला बावीस चेंडू मिळतात. पोरं तीस झाली की नऊ. आणि तुमचं स्वप्न पुरं होऊन पोरं नव्वद झाली की प्रत्येकाला तीन चेंडू. अर्धी ओव्हर. त्यातला पहिला पायावर, दुसरा लेग स्टंपच्या बाहेर, तिसऱ्याला ‘नेक्स्ट!’

आपल्या जिल्ह्याला शिकवणीचा जुना अनुभव आहे, तो तालमीचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक घेऊन आले. तालमीत पोरं वाढली तर जोर करायला जोडीदार वाढतात. एकाच हौद्यात चार जोड्या लागल्या तरी आठही जणांचा घाम निघतो. नेटमध्ये उलटं आहे. पोरं वाढली की चेंडू घटतात. क्रिकेटच्या नेटची ही उणीव आहे, पण वाढू पाहणाऱ्या अकॅडमीनं ती संधी मानावी.

कशी? उरलेल्या ८९ पोरांना कामाला लावून. शॅडो प्रॅक्टिस ही त्यासाठीच आहे : रांगेत उभं राहून चेंडूशिवाय बॅट फिरवणं. दिसायला ती फार शिस्तीची दिसते आणि ड्रोनमधून तर बघतच राहावी. प्लॅस्टिकचे रंगीत कोन मांडा, जमिनीवर टाकायची शिडी आणा. ज्या पोराला आज बॅटिंग मिळालेली नाही, त्याला ‘तुझ्या फूटवर्कवर काम चालू आहे’ असं सांगा.

आचरेकर सरांची नाण्याची गोष्ट भिंतीवर जरूर रंगवा. शिवाजी पार्कवर ते स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करणाऱ्याला नाणं मिळे, कोणीच बाद करू शकलं नाही तर सचिनला. अशी तेरा नाणी त्यानं जपून ठेवली आहेत. पण प्रत्यक्षात नाणं ठेवू नका. नाणं ठेवलं की एकच पोरगं तासभर खेळतं आणि ८९ घरांतून फोन येतात.

पायरी ६ : पालक

पालक तीन प्रकारचे असतात. पहिला नेटच्या मागं उभा राहून ‘सरळ बॅट, सरळ बॅट’ ओरडतो. त्याला स्कोअर लिहायला बसवा. दुसरा येतच नाही, फक्त फी पाठवतो. त्याला जपा. तिसरा चेंडू मोजतो. हा बहुधा शिक्षक किंवा बँकेतला असतो आणि महिन्याअखेर शांतपणे म्हणतो, ‘सर, आमच्या पोराला या महिन्यात साठ चेंडू मिळाले.’ अशा पालकाला तातडीनं समितीवर घ्या. समितीच्या बैठका सरावाच्याच वेळी ठेवा.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये संदेश टाकायची मुभा फक्त ॲडमिनला असावी. रोज एक सुविचार, एक फोटो, आणि महिन्यातून एकदा ‘जुळवाजुळव करून सहकार्य करावे.’

मैत्रीपूर्ण सामने ठेवताना प्रतिस्पर्धी दुबळा निवडा, पण फार दुबळा नको. १९४८ साली पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या विश्वविक्रमी ४५२ ची बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. काठियावाडच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला. निंबाळकर तिथंच राहिले आणि त्यांना कसोटीही कधी मिळाली नाही. समोरची टीम सामना सोडून गेली तर विक्रम हुकतो, आणि चहा-वड्याचा खर्चही आपल्याच अंगावर पडतो.

पायरी ७ : पावसाळा

एप्रिल-मे हा सुगीचा काळ. उन्हाळी शिबिराला नव्वद पोरं सहज येतात. जूनमध्ये शाळा सुरू होते, मैदानाचा चिखल होतो आणि आकडा कोसळतो. नवशिके इथंच खचतात.

उपाय पंचांगात आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो आणि लग्नं थांबतात. मंगल कार्यालयं ओस पडतात. तिथं जाळी बांधून ‘इनडोअर सेंटर’ सुरू करा. फरशीवर टेनिस बॉल सुसाट येतो, त्याला ‘वेगवान माऱ्याचा विशेष सराव’ म्हणा. आचाऱ्याच्या भट्टीकडची बाजू लाँग ऑन धरावी. तुळशीचं लग्न लागलं की जाळ्या काढून घ्या, नाहीतर एखादा नवरदेव त्यात अडकायचा.

पायरी ८ : निवड

राज्यात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. कोरेगावचं पोरगं तिसरीत येतं. तिथं त्याच्यासोबत रांगेत पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली आणि बाकीचे जिल्हे असतात. सोळा वर्षांखालील विजय मर्चंट करंडकाला महाराष्ट्राचा संघ एक, एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकाला एक, तेवीस वर्षांखालील सी. के. नायडू करंडकाला एक. ही संख्या पालकसभेत सांगू नये.

वयाचं प्रकरण जपून हाताळा. जन्मदाखला दुरुस्त करून आणणारे काका अजून भेटतात. पण सोळा वर्षांखालील मुलांचं वय ठरवताना बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांची वाढ तपासतं. ग्रामसेवकाशी ओळख काढता येते, मनगटाशी नाही.

निवड झाली नाही तरी अभिनंदनाचा फ्लेक्स लावता येतो. ‘जिल्हा निवड चाचणीसाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ हे वाक्य पूर्ण खरं आहे. चाचणीला जायला फॉर्म भरावा लागतो, तो भरला होता. त्याहून मोठं यश हवं असेल तर देशात खासगी ‘राष्ट्रीय’ स्पर्धांची कमतरता नाही. परगावी, पालकांच्या खर्चानं, प्रवेशफी भरून खेळायचं. पदक जड असतं आणि प्रमाणपत्रावर नकाशा असतो. परत आल्यावर रेल्वे स्टेशनपासून हलगी लावून मिरवणूक काढा.

पायरी ९ : विस्तार

आता तुम्ही मोठे झालात. रहिमतपूरला एक, वाठार स्टेशनला एक अशा शाखा काढा. शाखेवर कोच म्हणून तुमच्याकडचाच सतरा वर्षांचा सर्वांत चांगला बॅट्समन नेमा. त्याची स्वतःची बॅटिंग त्या दिवशी थांबते, पण त्याला ट्रॅकसूटवर ‘कोच’ असं छापून मिळतं.

मग कृत्रिम गवताचं टर्फ आणि दिवे. बँकेचा हप्ता दिव्यांच्या प्रकाशात फिटतो, म्हणून संध्याकाळचे तास व्यापारी, डॉक्टर आणि सरपंच चषकाच्या तयारीला लागलेल्या संघांना भाड्यानं द्या. मुलांना दुपारी तीनला बोलवा. ऊन आहे अशी तक्रार आली तर ऑस्ट्रेलियात किती ऊन असतं ते सांगा.

या टप्प्यावर तुम्ही दिवसभर मोटारसायकलवर असता, एका शाखेकडून दुसऱ्या शाखेकडे. चेंडू टाकायला वेळ मिळत नाही. अकॅडमी वाढली याची हीच खूण.

शंकासमाधान

*मुलाला बॅटिंग कधी मिळेल?* शिस्त आल्यावर.

*शिस्त कधी येईल?* पुढच्या हप्त्यानंतर.

*मुलगा उजव्या हाताचा आहे. डावखुरा खेळवावा का?* स्मृती मानधना मूळची उजव्या हाताची, खेळते डाव्या हातानं. त्यामुळे शक्य आहे. आमच्याकडे त्यासाठी वेगळा कोर्स आहे.

*आयपीएलला जायला किती वर्षं लागतील?* तिकिटं किती हवी आहेत?

*अकॅडमी न वाढवता नुसते खेळाडू घडवायचे असतील तर?*

तेही करता येतं. जिल्ह्यात झालंही आहे, क्रिकेटमध्ये नसलं तरी तिरंदाजीत. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिचे प्रशिक्षक प्रवीण सावंत, आणि सरावाची जागा उसाच्या रानालगतची.

क्रिकेटमध्ये त्यासाठी नेट दोन बांधायचे आणि पोरं चोविसावर थांबवायची, म्हणजे बावीस चेंडूंचा हिशेब टिकतो. रोज कोणाला किती चेंडू मिळाले ते वहीत लिहायचं आणि वही पालकांसमोर उघडी ठेवायची. पंचविसाव्या पोराचा बाप नगरसेवक असला तरी ‘जागा नाही’ म्हणायचं. साइडआर्म, म्हणजे चेंडू फेकायची दांडी, हातात घेऊन खांदा भरून येईपर्यंत स्वतः चेंडू टाकायचे. आठवड्यातून एकदा तरी पोरांना साताऱ्याला किंवा जिथं मिळेल तिथं टर्फवर न्यायचं, आपल्या पेट्रोलनं.

यात शाखा निघत नाही, मिरवणूक निघत नाही आणि उन्हाळ्यात गर्दी होत नाही. सहा-सात वर्षांनी एखादं पोरगं गहुंजेच्या स्टेडियमवर पुढचा पाय काढून खेळतं. पेपरात त्याचं नाव येतं आणि खाली पुण्यातल्या एखाद्या अकॅडमीचं, कारण शेवटचे सहा महिने ते तिकडं होतं. त्या रात्री तुम्हाला त्याचा फोन येईलच असंही नाही.

एवढं सगळं चालणार असेल तर ही मार्गदर्शिका तुमच्या उपयोगाची नाही. दुसऱ्या कोणाला तरी द्या आणि मॅट अंथरायला घ्या; साडेचार वाजत आले आहेत.